वाढदिवसाचं माप

१

प्लास्टर खोटं बोलत नाही, असं तिचे वडील सांगत. स्वतः ते रोज बोलत, पण प्लास्टरच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं होतं आणि याचीच तिला चीड होती. ज्या माणसाचं एकही वाक्य खरं मानायची तिची इच्छा नव्हती, त्याच माणसाच्या शिकवणीवर तिचं पोट चालत होतं.

ती कवळ्या बनवायची. खाली दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना, वर तिचं घर आणि घराच्या मागच्या खोलीत तिचं काम. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं गुलाबी, रबरासारखं माप घेऊन वर पाठवत. ती त्यात प्लास्टर ओतायची, तासाभराने माप सोलून काढायची, की हातात एक पांढरा जबडा यायचा. पुढे मेण, मेणात दात, आणि शेवटी वरचा-खालचा जबडा एका पितळी यंत्रात बसवून चावा जुळतो का ते बघायचं. या यंत्राला घरात बिजागरी म्हणत. वडिलांच्या वेळची, चांगली दोन किलो वजनाची. बाजारात हलकी यंत्रं येऊन किती वर्षं झाली, पण ती हीच वापरायची. माणसाचा राग अवजारावर कशाला काढायचा, असं ती म्हणायची. राग कोणावर काढायचा हे मात्र तिने ठरवलं नव्हतं.

वडिलांची आणखी एक पद्धत तिने ठेवली होती. घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, त्याच्या वरच्या जबड्याचं माप घ्यायचं, मॉडेल करायचं आणि बुडाशी तारीख कोरून बुटांच्या खोक्यात ठेवायचं. लोक भिंतीवर पेन्सिलीने मुलांची उंची लिहितात, यांच्या घरी जबडे ठेवत. तिच्या मुलीला, भिंगरीला, हा खेळ फार आवडायचा. मापाची पूड पुदिन्याच्या चवीची असते आणि दोन मिनिटं तोंड उघडं ठेवलं की आई त्या दिवसापुरती काहीही कबूल करते, हे तिला कळलेलं होतं.

भिंगरी नऊ वर्षांची झाली त्या दुपारी माप घेतलं, प्लास्टर ओतलं, केक कापला. सगळ्यांचं खाऊन झाल्यावर तिने माप सोललं. वरच्या डाव्या पटाशीच्या दाताचा कोपरा नव्हता.

२

बुडबुडा, ती म्हणाली. या धंद्यात पहिल्या महिन्यात होणारी चूक. प्लास्टर घाईने ओतलं की दाताच्या टोकाशी हवा अडकते आणि तेवढा तुकडा मॉडेलमध्ये येतच नाही. वडील असते तर त्यांनी मॉडेल तिच्यासमोर धरून नुसतं बघितलं असतं. ते नाहीत म्हणून तिने स्वतःलाच दोन शब्द सुनावले.

तरी तिने भिंगरीला बोलावून तोंड उघडायला लावलं. दात अख्खा होता. नखाने कड चाचपून बघितली, सरळ आणि शाबूत. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पुन्हा माप घेतलं. या वेळी प्लास्टर थेंबाथेंबाने ओतलं, ट्रे टेबलावर आपटून आपटून हवा काढली. माप सोललं. कोपरा नव्हता.

मग तिने भिंग काढलं. बुडबुडा गोल असतो, आतून गुळगुळीत. ही कड तिरकी होती, खाली खरखरीत, आणि तिच्यातून एक बारीक चीर हिरडीकडे चढत गेली होती. प्लास्टरने काही चुकवलं नव्हतं, उलट होतं तेच मन लावून उतरवलं होतं. हा दात तुटलेला होता.

कसा तुटला तेही तिला माहीत होतं, कारण तो तिनेच तोडला होता.

३

तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

वडिलांची एक पकड होती. तेव्हा मापंही तेच घेत, आणि पेशंटचं तोंड स्थिर धरायला अंगठा एका गालावर, चार बोटं दुसऱ्या गालावर आणि तळहात हनुवटीखाली. लोक म्हणायचे, काय हलका हात आहे हो. तीच पकड घरी दुसऱ्या कामाला यायची. मीठ कमी पडलं, दार जोरात लागलं, कोणी मोठ्याने हसलं, की ते बायकोचा जबडा पकडीत धरत, तोंड आपल्याकडे वळवत आणि हळू आवाजात म्हणत, "शिस्त. शिस्त म्हणजे शिस्त." ओरडत कधीच नसत. ओरडणाऱ्याची शेजाऱ्यांना खबर लागते, आणि हा माणूस धूर्त होता.

त्या दिवशी ती पकड सुटेना. आईचं नाक-तोंड दाबलं गेलं, तिचे पाय फरशीवर घासायला लागले. मुलीने टेबलावरची बिजागरी दोन्ही हातांनी उचलली आणि फेकली.

ती वडिलांच्या तोंडावर बसली आणि वरच्या डाव्या पटाशीचा कोपरा फरशीवर पडला. आईने ओलं फडकं आणलं, फरशीवरचं रक्त पुसलं आणि उठता उठता मुलीला सांगितलं, "ते पडले. कोणी विचारलं तर पडले असं सांगायचं."

दुसऱ्यांची अख्खी तोंडं भरून देणारा माणूस. खालच्या डॉक्टरांकडून तो कोपरा बसवून घेणं पाच मिनिटांचं काम होतं. आई सुचवायची तेव्हा ते म्हणायचे, उद्या बघू. तो उद्या अठरा वर्षं उजाडला नाही. तुटक्या कोपऱ्यातून श आणि स बोलताना एक बारीक शीळ यायची, आणि शिस्त म्हणताना तर ती चांगलीच रेंगाळायची. जेवताना मुलीकडे बघत ते त्या कडेवरून जीभ फिरवत. त्यांनी पुन्हा शिस्तीसाठी कोणाचा जबडा धरला नाही. धरायची गरजच उरली नव्हती.

ते गेले त्यानंतर दोन वर्षांनी भिंगरी झाली. तिने आजोबांना बघितलेलं नव्हतं, त्यांचा आवाज ऐकलेला नव्हता. घरात त्यांचा फोटोही नव्हता.

४

रविवारी आत्या आली, वडिलांची धाकटी बहीण, वाढदिवसाची राहिलेली भेट घेऊन. भिंगरीने फ्रॉक बघून ओठ मिटले, आणि आत्याचा चेहरा उजळला.

"अगदी दादावर गेलीय हो," ती म्हणाली.

हे वाक्य ऐकलं की भिंगरीच्या आईच्या कपाळाची शीर उडायची. लहान मूल दिसलं की लोकांना वाटणी करायची घाई होते. नाक काकाचं, केस आजीचे, हट्ट आजोबांचा. सगळं वाटून झाल्यावर पोरीचं म्हणून काय उरतं, फक्त दप्तर? तिने आत्याला विचारलं की वर गेली म्हणजे काय, दादा म्हणजे काय जिना आहे का.

आत्या दुखावली नाही. आत्याला दादा म्हणजे कडक, शिस्तीचा माणूस म्हणून आठवत होता, दारामागचा दादा तिला माहीत नव्हता. "खाण तशी माती," ती म्हणाली. "त्यात रागवायचं काय?"

माती कोणी मागितली होती, हे तिच्या ओठांवर आलं आणि तिने गिळलं. गिळायची तिला सवय होती, आणि सवयीचा तिला अभिमानही होता. भिंगरीला तिने नऊ वर्षांत चापटसुद्धा मारली नव्हती. नवरा बोटीवर कामाला, सहा-सहा महिने बाहेर, तिची आई घरात होती, पण पोरीला वाढवलं ते तिनेच. त्यात एकच गोष्ट ठरवून केली होती. बाप आपल्यापाशी थांबणार, आपल्याला ओलांडून पुढे जाणार नाही. आयुष्यात तिने दुसरी कसली शपथ घेतली नव्हती. आणि आता तो पोरीच्या दातात येऊन बसला होता.

सोमवारी ती मॉडेल घेऊन खाली डॉक्टरांकडे गेली. कोणाचं आहे ते सांगितलं नाही, फक्त वडिलांचा मोडका दात मुलात उतरतो का, एवढं विचारलं. डॉक्टर हसले.

"ताई, जबड्याचा घाट उतरतो, दातांमधली फट उतरते, दात किडायची खोडसुद्धा उतरते. पण मोडतोड नाही उतरत. बापाचं बोट कापलं म्हणून पोर नऊ बोटांचं जन्मत नाही." मग त्यांनी मॉडेल उजेडात धरलं. "हे कोणाचं? दुधाच्या दाढा आहेत आणि पुढचे दात असे झिजलेले? हा माणूस वर्षानुवर्षं दात खातोय."

वय विचारल्यावर ती म्हणाली, नऊ. डॉक्टरांनी मॉडेल परत दिलं आणि प्लास्टर ओलसर जागी ठेवत जाऊ नका, एवढंच सांगितलं.

५

बुटांचं शेवटचं खोकं कपाटाच्या वरच्या फळीवर होतं. अकरा वर्षांत तिने ते खाली काढलं नव्हतं. वडिलांच्या शेवटच्या वाढदिवसाचं मॉडेल वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं आणि बुडाशी त्यांच्याच अक्षरात तारीख होती.

पक्का दात एकदाच येतो आणि येतो तो पूर्ण मापाचा. नऊ वर्षांच्या तोंडातला पटाशीचा दात साठ वर्षांच्या तोंडातल्या इतकाच रुंद असू शकतो, त्यात नवल काही नाही. हे स्वतःला नीट सांगून तिने मापणी लावली. रुंदी सारखी. कड सुरू होते ती जागा सारखी. चीर जिथे थांबते तिथपर्यंतचं अंतरही सारखंच. तिने मेणाची पट्टी गरम करून वडिलांचा दात तिच्यात दाबला आणि त्या खड्ड्यात भिंगरीच्या मॉडेलचा दात ठेवला. तो बसला. कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही. अशी जुळणी झाली की एरवी तिला बरं वाटायचं, आणि हात इतके मूर्ख होते की त्यांना आत्ताही बरं वाटलं.

तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज आला. भिंगरी कापडाच्या प्राण्यांना ओळीत बसवत होती. हत्ती ओळ सोडून पुढे सरकला असावा.

"शिस्त," भिंगरी त्याला म्हणाली. "शिस्त म्हणजे शिस्त."

आवाज पोरीचाच होता. पण शब्दाच्या कडेला ती बारीक शीळ होती.

ती दारापर्यंत गेली तोवर भिंगरी चूप झाली होती. तिला पुन्हा म्हणायला सांगितलं. भिंगरीने शिस्त, शाळा, ससा असं सगळं म्हणून दाखवलं, साधं, स्वच्छ, अख्ख्या दातांचं. पण तिने हत्तीचं तोंड हातात धरलं होतं. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला.

६

आजी, म्हणजे तिची आई, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"पोरीला शिस्त-शिस्त कोणी शिकवलं?"

"तूच म्हणतेस की," आजी म्हणाली.

"मी?"

"रोज. दप्तर भरताना, बूट घालताना. तुला ऐकू येत नाही का?"

ती म्हणाली की हे खोटं आहे. आजीने वाद घातला नाही. तिने आयुष्यात कधी वाद घातला नव्हता आणि नेमकं हेच आत्ता असह्य झालं. तिने विचारलं, आणि शीळ? तीही मीच शिकवली? आजीने घडी घातलेलं फडकं उलगडलं आणि पुन्हा तीच घडी घातली. शीळ मला माहीत नाही, म्हणाली, हल्ली मला कमी ऐकू येतं.

मग इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर आलं, पण तेही हळू आवाजात. तू एकदा तरी घर सोडून निघायला हवं होतंस. निदान एकदा कोणाला तरी खरं सांगायला हवं होतंस. एक बाई एवढी गप्प कशी बसू शकते? पडले म्हणे. माझ्याकडून तू काय वदवून घेतलंस, याचा कधी विचार केलास?

"निघाले असते तर तू जन्मली नसतीस," आजी म्हणाली. "तुझी पोरही नसती."

ती तडक मागच्या खोलीत गेली आणि तिन्ही मॉडेलं फरशीवर आपटली, भिंगरीची दोन आणि वडिलांचं एक. पांढरा भुगा कपाटाखालपर्यंत उडाला. त्या भुग्यात कोणता दात कोणाचा हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. तोडफोड केली की राग उतरतो म्हणतात. तिचा चढला. कारण मॉडेलं फुटली होती, पोरीच्या तोंडातलं फुटलं नव्हतं.

एकदाच, तिने ठरवलं. शेवटचं माप. या वेळी एकही चूक करायची नाही, मग काय ते दिसेलच.

७

भिंगरी नको म्हणाली. वाढदिवस झाला ना, मग परत कशाला? तिचं म्हणणं बरोबर होतं. तिने पोरीला खुर्चीत बसवलं, समोर आपलं स्टूल घेतलं आणि पूड कालवली. खिडकीतून दुपारचं स्वच्छ ऊन येत होतं. खाली दवाखान्यात कोणीतरी हसत होतं. टेबलावर मेण होतं, सुरी होती, बिजागरी होती, रोज जिथे असते तिथेच.

ट्रे तोंडात बसवला. दोन मिनिटं. एका मिनिटाने भिंगरीला उमासा आला, तिने मान मागे घेतली.

"हलू नकोस. बिघडेल."

भिंगरीने हाताने खूण केली, काढ. डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, अर्धं मिनिट. भिंगरीने ट्रेच्या दांडीला हात घातला.

तेव्हा तिने पोरीचा जबडा धरला. माप हलू नये म्हणून धरला, दुसरं काही मनात नव्हतं, आणि हे ती पुढे पुष्कळ वेळा स्वतःला सांगणार होती. हात हलका होता. हात इतका तरबेज होता की तिला त्याच्याकडे बघावंही लागलं नाही. पोरीचा श्वास नाकातून शिट्टीसारखा वाजायला लागला आणि पाय खुर्चीच्या दांडीवर घासायला लागले.

"शिस्त," कोणीतरी म्हणालं.

तिने तो शब्द ऐकला. शब्दाबरोबरची शीळही ऐकली. दोन्ही तिच्याच तोंडातून आली होती, आणि तिचे दात अख्खे होते.

तिने भिंगरीच्या डोळ्यांत बघितलं. ती स्टुलावर बसली होती, पोरीच्या समोर, एका उंचीवर. पण भिंगरी तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती वर बघत होती, हातभर वर, समोर उंच माणूस उभा राहिल्यावर मान जशी मागे कलते तशी. आणि जे दिसत होतं त्याच्या तोंडाकडे ती बघत होती.

सोड, तिने आपल्या हाताला सांगितलं. हाताने सोडलं नाही.

भिंगरीची बोटं टेबलावर चाचपडली आणि बिजागरीपाशी पोचली.

८

दुखलं नंतर. आधी नुसता आवाज झाला, कपाळाच्या आत. ती फरशीवर बसली होती, हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि पांढऱ्या भुग्यात दाताचा एक कोपरा पडला होता. तो प्लास्टरचा नव्हता. तिने तो उचलून बघितला. तिरका तुटला होता.

भिंगरी दाराशी जाऊन उभी होती. चेहरा पांढरा, ओठ मिटलेले. तो चेहरा तिने आरशात पाहिला होता, एकोणतीस वर्षांपूर्वी.

आजी आली. तिने काही विचारलं नाही. ओलं फडकं आणलं, गुडघ्यावर बसली आणि रक्त पुसायला लागली. पुसता पुसता मान वर न करता नातीला म्हणाली, "आई पडली. कोणी विचारलं तर पडली असं सांगायचं."

"पुसू नकोस," ती ओरडली. या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी ओरडलं असेल. आजीचा हात थांबला. "आजी खोटं सांगते आहे, भिंगरी. मी पडले नाही. मी तुझा जबडा धरला आणि सोडला नाही. तू मारलंस. बरोबर केलंस. हेच सांगायचं सगळ्यांना, समजलं?"

हे बोलायचं राहून गेलं होतं म्हणूनच सगळं इथवर आलं, असं तिला वाटत होतं. एकदा खरं बोललं की साखळी तुटते. ती खरं बोलली होती, प्रत्येक शब्द खरा होता. पण सगळ्या स आणि श मधून शीळ येत होती, रेंगाळत, आणि भिंगरी शब्द ऐकतच नव्हती. ती शीळ ऐकत होती आणि एकेक पाऊल मागे सरकत होती.

हिंमत धरून तिने शेवटच्या मापात प्लास्टर ओतलं. माप फरशीवर पडलं होतं, पण घट्ट झालेलं होतं. तासाभराने सोललं. भिंगरीचे दात, नऊ वर्षांचे, कडा कोऱ्या, कुठे चीर नाही की झीज नाही. डावी पटाशी अख्खी होती. तिने ते मॉडेल दोन्ही हातांत धरलं आणि रडली. सुटली पोर, ती म्हणत होती. तो माझ्यापाशीच थांबला.

आवाज ऐकून डॉक्टर वर आले. तिने त्यांनाही खरंच सांगितलं. त्यांनी वाकून दात बघितला, मग ते धंद्याचं बोलले. मुळाला धक्का नाही, नुसता कोपरा गेलाय. चला खाली, पाच मिनिटांचं काम आहे, आत्ता बसवून टाकू.

तिला जायचं होतं. खरोखर जायचं होतं. पण तिची जीभ त्या तुटक्या कडेवर गेली होती आणि हळूहळू फिरत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती कड जिभेला नवी वाटत नव्हती.

"उद्या बघू," ती म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या भिंगरीने दोन्ही हातांनी आपला जबडा झाकून घेतला.